पशुपालकांचे प्रश्न : लसीची तारीख, कानातला बिल्ला आणि पंचनामा

या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न सरकारी लसीकरण, नोंदणी, भरपाई आणि कायदा यांच्याबद्दल आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दरवर्षी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला सांगली भागात जातो. मागच्या हंगामात निघायच्या चार दिवस आधी दोन्ही बैलांना लाळ्या खुरकुताची लस टोचली होती. कारखान्यावर जाऊन आठ दिवस झाले नाहीत तोच एका बैलाच्या तोंडातून लाळ गळायला लागली, खुरांच्या बेचक्यात फोड आले. लस खराब होती, की लसीनेच रोग झाला? (बैलगाडीवान, बीड जिल्हा)

उत्तर : लसीने रोग झालेला नाही. लाळ्या खुरकुताची लस मेलेल्या विषाणूपासून बनवतात, तिच्यातून रोग होऊच शकत नाही. लस खराब होती असेही तुमच्या पत्रावरून म्हणता येत नाही. चूक तारखेत आहे. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण २ ते १४ दिवस जातात. म्हणजे तुमच्या बैलाला प्रवासात किंवा अड्ड्यावर पोहोचल्या पोहोचल्या लागण झाली, तेव्हा लस कामाला लागलेलीच नव्हती. ट्रकमधला उभ्याने झालेला प्रवास, बदललेला चारा आणि चार जिल्ह्यांतून आलेली जनावरे एकाच हौदावर पाणी पिणारी, हे सगळे रोगाच्याच बाजूचे.

कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतात असे धरले, तर बैलांचे लसीकरण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकले पाहिजे. निघण्याआधी किमान २१ दिवस, हा हिशेब पक्का ठेवा. बैल नवीन घेतला असेल आणि त्याला आधी लस दिल्याची नोंद नसेल, तर एका टोचणीवर भागत नाही. एक महिन्याने दुसरी मात्रा द्यावी लागते आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक. अशा बैलाची तयारी ऑगस्टातच सुरू करा. जंताचे औषध लसीच्या दोन-तीन आठवडे आधी द्या. जंतांनी पोखरलेल्या जनावरात लस नीट धरत नाही. सहा महिन्यांचा हिशेब केला तर पुढची मात्रा मार्चमध्ये येते आणि तेव्हा तुम्ही अजून कारखान्यावरच असता. ती तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घेता येते. गावाकडे परतल्यावर बघू म्हणाल तर खंड पडतो.

आता रोग आलाच तर. आजारी बैल ताबडतोब बाजूला बांधा आणि त्याची पाण्याची बादली वेगळी करा. तोंड दिवसातून दोन-तीनदा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवा. गडद जांभळे पाणी झाले तर जखम भाजते. खूर त्याच पाण्याने धुऊन पशुवैद्यकाने दिलेले मलम लावा आणि माश्या बसू देऊ नका, नाहीतर दोन दिवसांत अळ्या पडतात. उसाचे कोरडे वाढे चघळणे त्याला जमणार नाही. मऊ हिरवा चारा आणि पातळ पेज द्या. बांधायची जागा धुण्याच्या सोड्याच्या ४ टक्के द्रावणाने धुवा, म्हणजे १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम सोडा. हा विषाणू आम्ल आणि अल्कली दोन्हींना कमजोर आहे, त्यामुळे स्वस्तातला सोडाही उत्तम काम करतो.

सर्वांत मोठी चूक यानंतर होते. लाळ थांबली, बैल खाऊ लागला की दुसऱ्याच दिवशी त्याला जुंपतात. या रोगात हृदयाच्या स्नायूवर परिणाम झालेला असू शकतो. शिवाय बरे झालेले काही बैल पुढे कायमचे धापतात, उन्हात तोंड उघडे टाकून उभे राहतात. किमान तीन आठवडे विश्रांती द्या आणि पशुवैद्यकाने पाहिल्याशिवाय जुंपू नका. ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही आणि तापमान ३७ अंशांच्या वर जाते त्या भागात दुपारी १२ ते ३ जुंपणे नाही. उचल फेडायची असते, खेपा मोजल्या जातात, हे खरे आहे. पण आजारातून उठलेला बैल मेला तर अख्खा हंगाम जातो.

आमचे स्पष्ट मत असे की हे ओझे एकट्या गाडीवानावर टाकू नये. मुकादमाशी करार होतो तेव्हाच बैलांच्या लसीची नोंद मागितली, आणि कारखान्याच्या अड्ड्यावर नवीन आलेल्या जोड्या पहिले काही दिवस वेगळ्या पाण्यावर ठेवल्या, तर दरवर्षी त्याच वेळी त्याच भागात येणारी साथ बरीच रोखता येईल.

प्रश्न : दहा संकरित गायी आहेत. लाळ्या खुरकुताच्या लसीने दूध आटते आणि गाभण गाय गाबडते, म्हणून आमच्या वस्तीवर निम्मे लोक लसीकरणाचे पथक आले की गोठ्याला कुलूप लावतात. आम्ही काय करावे? (दूध उत्पादक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : कुलूप लावू नका. लस दिल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडे कमी होते, अंगात कणकण येते, टोचल्या जागी गाठ येऊ शकते. यापलीकडे सहसा काही होत नाही. रोग आला तर मात्र त्या वेताचे दूध बहुतेक हातचे जाते, सडांवर फोड येऊन कासदाह होतो आणि आजारी गाईला पिणारी वासरे हृदय बंद पडून अचानक मरतात.

गाभण गाईबद्दलची भीती अगदीच निराधार नाही, पण दोष लसीचा नसतो. शेवटच्या दिवसांतली गाय धरताना, पाडताना, दोर आवळताना धक्का बसतो. म्हणून अगदी विण्याच्या टप्प्यावरच्या गाईला बहुधा वगळतात. पथक आल्यावर प्रत्येक गाईचा महिना आधीच सांगा. गडबड होते ती पुढे. वगळलेली गाय व्याल्यावर तिला लस द्यायची राहून जाते, आणि सहा महिन्यांनी फेरी येईपर्यंत ती आणि तिचे वासरू उघडे पडते. गोठ्यातल्या दिनदर्शिकेवर तिचे नाव लिहून ठेवा आणि व्याल्यावर दवाखान्यात जाऊन लस मागा. वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, मग महिन्याने दुसरी. त्याआधी दिली तर चिकातून आलेली आईची प्रतिकारद्रव्ये लसीला निकामी करतात.

११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) हे दोन रोग घेतले गेले आणि लशीचा भार केंद्राने उचलला, म्हणून तुम्हाला ती मोफत मिळते. उद्दिष्ट २०३० पर्यंत निर्मूलनाचे आहे. भारतातल्या लशीत विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार असतात. वस्तीवर निम्मीच जनावरे टोचली, तर उरलेल्या निम्म्यांत विषाणू फिरत राहतो आणि टोचलेल्यांवरही त्याचा मारा सुरू राहतो.

पथकाकडून तीन गोष्टी हक्काने पाहून घ्या. बाटली बर्फाच्या पेटीतून निघते का? लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. ती कधी गोठलेली तर नव्हती ना? तेलयुक्त लस एकदा गोठली की तिच्यातले तेल-पाणी वेगळे होते, मग तिचा उपयोग नाही. शीतपेटीतल्या बर्फाच्या थेट अंगाला लागलेली बाटली अशीच वाया जाते. आणि प्रत्येक जनावराला सुई नवी आहे का? पथके घाईत असतात, मनुष्यबळ कमी असते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही सुईच्या बाबतीत तडजोड नको.

प्रश्न : गोठ्यात लागोपाठ दोन गायी सातव्या महिन्यात गाबडल्या. तपासणीत ब्रुसेलोसिस निघाला. दहा महिन्यांची कालवड आहे, तिला लस देता येईल का? घरच्यांनी दूध प्यावे का? (पशुपालक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : दहा महिन्यांच्या कालवडीला ही लस मागू नका. सरकारी कार्यक्रमातली एस-१९ लस फक्त ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना आणि पारड्यांना, आयुष्यात एकदाच देतात. वयाची अट विनाकारण घातलेली नाही. ही जिवंत जंतूंची लस आहे. मोठ्या वयात दिली तर लसीची प्रतिद्रव्ये रक्तात दीर्घकाळ टिकतात आणि पुढे तपासणीत ते जनावर आजारी की लस दिलेले, हे कळत नाही. गाभण जनावराला दिली तर लसच गर्भपात घडवू शकते. गोऱ्ह्याला आणि रेड्याला कधीच देऊ नये. त्यांच्या वृषणात दाह होतो. वासरू जन्मले की चार महिने पुरे होतात ती तारीख लिहून ठेवा. पथकाची फेरी आणि तुमच्या कालवडीचे वय यांचा मेळ बसलाच असे नाही, तेव्हा तुम्हालाच दवाखान्यात विचारायला जावे लागेल.

आता माणसांकडे वळू, कारण आमच्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत तातडीचा भाग तोच आहे. हा रोग माणसाला होतो. येऊन-जाऊन ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे दुखणे, पुरुषांत वृषणाला सूज अशी लक्षणे असतात. तापाच्या नेहमीच्या औषधाने तात्पुरते बरे वाटते आणि महिना-दोन महिने निदानच होत नाही. घरात कोणाला असा ताप असेल तर डॉक्टरांना "गोठ्यात ब्रुसेला निघाला आहे" हे शब्द स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असे नाही. सर्वाधिक धोका गाबडलेले वासरू, वार आणि गर्भाशयातला स्राव उघड्या हाताने हाताळण्यात आहे. अडकलेली वार नुसत्या हाताने ओढणे बंद करा. खांद्यापर्यंतचे हातमोजे, तोंडाला फडके, आणि गर्भवती बाईला त्या कामापासून पूर्ण लांब ठेवा. वार उकिरड्यावर टाकली की कुत्री ती चार गोठ्यांत पोहोचवतात. खोल पुरा, वर चुना टाका. गाबडलेली गाय स्राव पूर्ण थांबेपर्यंत वेगळी बांधा.

दूध चांगले उकळून प्या, त्यात धोका नाही. धारोष्ण दूध मात्र बंद. खरवस नीट वाफवून शिजवलेला असेल तर चालतो, कच्चा चीक माणसाने चाखू नये.

बाधित गाय बाजारात विकून मोकळे व्हायचा मोह होतो. तसे केले की हाच रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. कार्यक्रमाचा सारा भर कालवडींच्या लसीवर आहे आणि आज बाधित असलेल्या मोठ्या गायींचा भार पशुपालकाच्याच अंगावर पडतो. ही या धोरणातली मोठी उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी. तोवर नवी गाय घेताना ब्रुसेलोसिससाठीची रोझ बेंगाल ही रक्तचाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. नुकत्याच व्यायलेल्या किंवा गाबडलेल्या गाईत चाचणी चुकून निर्दोष येऊ शकते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करा.

प्रश्न : बाजारातून घेतलेल्या म्हशीच्या कानात बिल्ला आहे, पण तो जुन्या मालकाच्या नावावर निघतो. दुसऱ्या एका गाईचा बिल्ला तुटून पडला. नवीन मारून घेतला तर चालेल ना? (जालना जिल्हा)

उत्तर : दोन्ही कामे दवाखान्यात होतात. म्हशीसाठी बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक, दोन्ही मालकांची नावे, मोबाइल क्रमांक आणि खरेदीची पावती घेऊन जा. भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन नोंद प्रणालीत मालकी बदलून मिळते. गाईला नवीन बिल्ला मारताना जुना क्रमांक सांगायला विसरू नका. तो सांगितला तर नवा क्रमांक जुन्याला जोडला जातो आणि तिच्या लसी, रेतन, उपचार यांचा इतिहास टिकतो. न सांगता मारला तर कागदावर ती अगदी नवी, एकही लस न घेतलेली गाय ठरते. म्हणून सगळ्या बिल्ल्यांचे फोटो आजच काढून ठेवा.

राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री, वाहतूक आणि नुकसानभरपाई यांवर निर्बंध आले आहेत. बिल्ला कानाच्या मध्यभागी, दोन कूर्चांच्या मधल्या पातळ भागात, शीर चुकवून बसायला हवा. कडेला मारला की चरताना काटेरी झुडपात अडकून कान फाटतो. पावसाळ्यात जखमेवर आठवडाभर जंतुनाशक लावा.

प्रश्न : लम्पीने बैल मेला. वास सुटेल म्हणून त्याच दिवशी पुरला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात कळवले. पंचनामा होणार नाही असे सांगितले. हा अन्याय नाही का? (विदर्भातील शेतकरी)

उत्तर : तुमचे नुकसान खरे आहे. पण मृत्यू लम्पीनेच झाला हे पशुवैद्यकाने पाहून लिहिल्याशिवाय भरपाईचा कागद पुढे सरकत नाही, आणि पुरलेल्या जनावरावरून ते लिहिता येत नाही. जनावर आजारी असतानाच झालेली नोंद हा सर्वांत भक्कम पुरावा असतो. दवाखान्यात उपचार झाले असतील तर केसपेपर शोधा, बिल्ल्याचा क्रमांक आणि फोटो जोडा आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्या.

२०२२ च्या मोठ्या साथीत राज्याने दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये दिले होते. असे दर त्या-त्या वेळच्या शासन आदेशाने ठरतात, ते कायमचे नसतात.

पशुरोग प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २००९ प्रमाणे अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या रोगाचा संशय आला की मालकाने गावपातळीवरच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे बंधनकारक आहे. तिथून ते जवळच्या पशुवैद्यकाकडे जाते. आजारी जनावर वेगळे ठेवणे हेही मालकाचेच कर्तव्य. त्याच कायद्याने शासनाला नियंत्रित क्षेत्र जाहीर करून बाजार, जत्रा, वाहतूक थांबवता येते, आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रात तेच केले गेले. टोल फ्री क्रमांक १९६२ वर फोन केला तर वेळेची नोंद होते. फोन आधी, खड्डा नंतर.

पुरताना खड्डा सात-आठ फूट खोल, विहीर-ओढ्यापासून लांब, जनावराच्या खाली-वर चुना. बाधित शव नदीत किंवा तळ्यात टाकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि एक गोष्ट जिवावरची: जनावर आजारी न दिसता अचानक मेले आणि नाका-गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर फाशी रोगाचा संशय धरा. त्याला चिरू नका, कातडे काढू नका. हवा लागली की या जंतूंचे बीजाणू होतात आणि ते त्या मातीत अनेक दशके जिवंत राहतात.

लम्पी माणसाला होत नाही. लस म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना कातडीखाली १ मिली देतात. अंगावर गाठी आलेल्या जनावराला ती देऊ नये. डास, गोमाश्या, गोचीड हे त्याचे वाहक, तेव्हा उकिरडा गोठ्यापासून लांब हलवणे हाही लसीकरणाइतकाच गंभीर उपाय समजा.

प्रश्न : शेडमध्ये रोज कोंबड्या मरताहेत. कळवले तर सगळ्या मारून टाकतील, म्हणून भीती वाटते. (कुक्कुटपालक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : भीती समजते. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत तुमच्याच जिल्ह्यात, नवापूरला झाला आणि तेव्हाची हानी तिकडे कोणी विसरलेले नाही. पण हिशेब नीट मांडा. नियमाप्रमाणे भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. त्याआधी आपणहून मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. म्हणजे लपवलेला प्रत्येक दिवस तुमचीच भरपाई कमी करतो.

कळवल्यावर नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात. रोग पक्का ठरला तरच १ किलोमीटरचे बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटरपर्यंतचे निगराणी क्षेत्र ठरते. पुष्कळदा निदान राणीखेत किंवा दुसऱ्याच रोगाचे निघते आणि मारण्याचा प्रश्नच येत नाही. अहवाल येईपर्यंत पक्षी, अंडी, खत, ट्रे काहीही बाहेर जाऊ देऊ नका. मेलेले पक्षी हातमोजे घालूनच उचला.

प्रश्न : टेम्पोत किती गाई नेता येतात? (पुणे जिल्हा)

उत्तर : मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत. शिवाय २०१६ पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमाप्रमाणे गाय किंवा म्हैस यांना प्रत्येकी २ चौरस मीटर आणि शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा लागते, आणि मधे कायमचे कप्पे हवेत. लहान टेम्पोचे माप घेतले तर दोन-तीन गाईंवर जागा संपते. पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला, बिल्ला आणि लसीची नोंद जवळ ठेवा. तळाला पेंढा अंथरा. पाय घसरून पडलेली गाय बाकीच्यांच्या खुरांखाली जाते.

प्रश्न : मेलेले जनावर उघड्यावर टाकले तर गिधाडे खातात, मग पुरायचे कशाला? (कोकणातील वाचक)

उत्तर : अनुसूचित रोगाने किंवा अचानक मेलेले जनावर पुरायलाच हवे. इतर जनावरांच्या बाबतीत औषधाचा विचार करा. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेले जनावर लगेच मेले आणि गिधाडाने खाल्ले, तर त्याची मूत्रपिंडे निकामी होऊन ते काही दिवसांत मरते. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही आली. तरीही माणसांची इंजेक्शने गुरांना टोचण्याचे प्रकार होत राहतात. ताप-वेदनेसाठी पशुवैद्यकाकडे मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना सुरक्षित ठरले आहे आणि दवाखान्यात सहज मिळते. बाहेरचा कोणी इंजेक्शन द्यायला आला तर बाटलीवरचे नाव वाचल्याशिवाय टोचू देऊ नका.